मोठ्या बाईंच्या घरातलं स्टूल

"मावशी, हे काय पुन्हा?"

लिहिण्याच्या खोलीच्या दारात व्यवस्थापक मॅडम उभ्या होत्या आणि मावशी बसल्या होत्या. घोटाळा काय तो एवढाच होता. दोरीच्या पलीकडे मोठ्या बाईंचं मेज, त्यांची दौत, त्यांचा चष्मा. दोरीच्या अलीकडे, भिंतीला लागून, मावशींचं लाकडी स्टूल.

"स्टूल आहे, मॅडम," मावशी म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. मागचं मी कोठीत ठेवलं होतं ना?"

"ते मागचं. हे नवीन."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. मावशी उठल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने स्टूल उचललं आणि कोठीच्या खोलीत नेऊन कुलूप घातलं. मावशी पुन्हा भिंतीशी उभ्या राहिल्या.

मोठ्या बाई शंभर वर्षांपूर्वी या घरात राहत होत्या. बायकांना मत देता यावं, आपल्या कमाईचा पैसा आपल्या हातात ठेवता यावा, यासाठी त्या जन्मभर भांडल्या, तुरुंगात गेल्या, आणि तिथेही त्यांनी नाकावर माशी बसू दिली नाही. त्यांच्या मागे ट्रस्टने घर जसंच्या तसं जपलं होतं. चार खोल्या बघायला खुल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक पहारेकरीण होती. पहारेकरणीने बसायचं नाही असा नियम होता. तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बसलं की डुलकी लागते आणि जुन्या खोलीत नवं सामान शोभत नाही, ही दोन कारणं मात्र सगळ्यांना पाठ होती.

मावशींचा त्या खोलीवर जीव होता. रोज सकाळी मेज पुसताना त्या त्याच्याशी बोलायच्या, आणि खरं सांगायचं तर इतकं त्या नवऱ्याशीही बोलल्या नव्हत्या. पण पायांनी दगा दिला. शिरा तटतटून फुगल्या, संध्याकाळी पायांचे तुकडे पडायचे. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं बंद करा. जणू मावशी हौस म्हणून उभ्या राहत होत्या! त्यांनी मॅडमकडे रीतसर बसायला मागितलं, मॅडमनी ते वर कळवलं, आणि वरचे लोक कानांवर हात ठेवून बसले. त्यांना बसायला मनाई नव्हती.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. मावशींनी दात आवळून ते काढलंही असतं. पण एकदा त्या स्वयंपाकघराच्या खोलीवरून जात होत्या. तिथली पहारेकरीण सातव्या महिन्यात होती. मोठ्या बाईंच्या चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून, चपला काढून, ती एका पायाला विसावा देत होती, मग दुसऱ्याला. मावशींना पाहून ती घाईने चपला शोधायला लागली.

"घालू नकोस," मावशी म्हणाल्या. "किती वर्षं काढायचीत तुला इथे?"

"मिळतील तितकी, मावशी. घर चालतंय यावर."

त्या दिवशी मावशी हट्टाला पेटल्या.

त्यांचा नवरा सुतार. हातातलं काम न थांबवता त्याने विचारलं, "स्टूल? कुणाला?"

"मला. मेजाच्या रंगाचं करा. शोभत नाही असं कुणी म्हणायला नको."

पहिलं जप्त झालं, तेव्हा तो हसला. दुसरं जप्त झालं, तेव्हा म्हणाला, "दुकानच टाकतो ना मी तिथे! गिऱ्हाईक पक्कं आहे." कुरकुर चालू होती, पण प्रत्येक स्टूल आधीच्यापेक्षा बरं होत होतं. तिसऱ्याच्या तर कडा त्याने इतक्या गोल घासल्या की कपड्याचा धागा अडकू नये.

बघायला येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. एका गृहस्थांनी मावशींना विचारलं, "मोठ्या बाई यावरच बसायच्या का?"

"नाही, मी बसते."

त्यांना ते पटलं नाही. "जरा उठता का?" म्हणाले, स्टुलाचा फोटो काढला आणि आभार मानून गेले. स्टूल कोठीत असेल त्या दिवशी लोक विचारायचे, तुम्ही दिवसभर उभ्याच? मावशी मोकळ्या आवाजात सांगायच्या, "बसायला बंदी आहे." लोक मेजाकडे बघायचे, मग मावशींकडे, आणि जाताना तिकीटखिडकीवर जाब विचारायचे. तिकीटवाला घामाघूम व्हायचा.

मोठ्या बाईंची जयंती तोंडावर आली आणि ट्रस्टचे अध्यक्ष पाहणीला आले. मावशी चौथ्या स्टुलावर होत्या. त्या उठल्या नाहीत. अध्यक्षांनी स्टुलाकडे बघितलं आणि ते खाली गेले. थोड्या वेळाने मॅडमचं बोलावणं आलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. ऑफिसात खुर्च्या होत्या. "मावशी, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. स्टूल तरी जाईल, नाहीतर तुम्ही तरी जाल, असं म्हणालेत."

मावशींनी पाय थोडे लांब केले. "त्यांचा राग स्टुलावर आहे की माझ्यावर?"

मॅडम बाई सरळ होती. "तुमच्यावर. स्टुलाचं काय हो, लोकांनी इतकं बोलून दाखवल्यावर ती बंदी त्यांनाही नकोशी झालीय. पण एका पहारेकरणीपुढे ट्रस्ट नमला, असं दिसायला नको त्यांना."

"मग मी गेले तर?"

"म्हणजे?"

"मीच नाही राहिले, तर ट्रस्ट नमला कुणापुढे? मी आपण होऊन सोडते. पायांचं कारण सांगते, ते खोटं नाही. कुठे चकार शब्द काढणार नाही. पण जयंतीपासून चारही खोल्यांत स्टूल ठेवायचं. ट्रस्टनेच मोठ्या मनाने दिलं म्हणा. टाळ्या त्यांना घेऊ दे."

मॅडम पुढे वाकल्या. "वर्षभर राहिलंय तुमचं, मावशी."

"माझं वर्ष राहिलंय. स्वयंपाकघरातल्या त्या पोरीचा जन्म जायचाय इथे." मावशींनी पदर सारखा केला. "आणि खर्चाचं म्हणाल, तर तीन तुमच्या कोठीत आहेत. चौथं वर आहे."

मॅडम बाहेर गेल्या आणि परत आल्या. अध्यक्षांना प्रस्ताव पसंत पडला होता. इतका, की तो आपल्यालाच सुचला असं ते तिथल्या तिथे म्हणाले होते.

सुताराने घरी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे स्टुलं माझी, नोकरी तुझी, आणि बसणार दुसरेच?"

"हो."

त्याने हातातला रंधा खाली ठेवला. "पहिलं जरा डुगडुगतं. सांग त्यांना. नाहीतर मीच येऊन पाय घासून देतो."

शेवटच्या दिवशी मेज पुसताना मावशींना रडू आलं आणि त्या रडल्या. मग डोळे पुसून दौत जागेवर ठेवली, फडकं धुऊन वाळत घातलं आणि निघाल्या.

जयंतीला त्या गेल्या नाहीत. पुढे एका दुपारी गेल्या.

तिकीटवाला गोंधळला. "मावशी, तुमच्याकडून कसले पैसे?"

"फाड तिकीट. मी पाहुणी आहे."

स्वयंपाकघरातली बाळंतपणाच्या सुट्टीवर होती. तिच्या जागेवरची बाई स्टुलावर बसून एका कुटुंबाला चूल दाखवत होती. मावशी माणसांच्या मागोमाग वर गेल्या. लिहिण्याच्या खोलीत तिशीतली एक अनोळखी बाई होती. पाय एकावर एक टाकून ती भिंतीशी निवांत बसली होती आणि तिची नजर सगळ्या खोलीवर होती. मेजाच्या कोपऱ्यात धूळ राहिल्यासारखं वाटलं, म्हणून मावशी पुढे वाकल्या.

"आजी, दोरीला टेकू नका," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

आजी म्हटल्याचा मावशींना रागच आला. "चुकलं हं," म्हणत त्या मागे सरल्या. बाईने मान हलवली. ती उठली नाही, आणि उठावं असं तिच्या मनातही आलं नाही.

माणसं दोरीपाशी गोळा होऊन मोठ्या बाईंचा चष्मा बघत होती. मावशी त्यांच्या मागे उभ्या राहून त्या बसलेल्या बाईकडे बघत होत्या.