चिंचेचं नाटक

निमोण्याच्या शाळेत साखरबाई खिचडी शिजवायची. त्या साली शिरूरला पर्यावरण मेळा भरणार होता. प्रत्येक शाळेनं झाडांवर छोटं नाटक बसवायचं होतं. सुषमाबाईंना, म्हणजे चौथीच्या बाईंना, गोष्ट काही सुचेना.

"गोष्ट मी सांगते," साखरबाई म्हणाली. "पोरांना झेपंल अशी."

तिनं गावातली नावं गाळून सांगितली. माळावर एक थोराड चिंच. दुपारी मेंढरं तिच्या सावलीला बसायची. वीटभट्टीचा मालक ती तोडायला येतो, एक धनगरीण बुंध्याला मिठी मारते, मालकाची माणसं तिला केसाला धरून ओढतात आणि झाड पडतं. सुषमाबाई शिरूरहून नव्यानंच बदलून आल्या होत्या. त्यांना गोष्ट आवडली.

"मालक कोण होईल?"

"रुद्रला करा. आवाज दणदणीत हाय त्याचा."

रुद्र हा बबनरावांचा नातू. गोष्टीतली भट्टी बबनरावांचीच आणि ओढलेले केस साखरबाईचे. चिंच पडली तेव्हा तिची दोन्ही पोरं लहान होती, शेजारी उभी राहून रडत होती. अख्खा गाव बघत होता. एकानंही तोंड उघडलं नाही, तिच्या नवऱ्यानंसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात कोकरं उन्हानं तडफडून मेली. मेंढरं विकली आणि धनगरकी संपली. तेच बबनराव आता मेळ्याचे अध्यक्ष होते.

तालमीला साखरबाई न चुकता बसायची. रुद्रला ती स्वतः शिकवायची. "आसं न्हाई बाळा. हात कमरंवर ठेव, मान वाकडी कर. आन् म्हण, 'ओढा हिला! माझ्या भट्टीला लाकूड पायजे, हिची सावली न्हाई!'" पोरगं हुशार होतं. दोन दिवसांत हुबेहूब म्हणायला लागलं. तो आवाज ऐकला की साखरबाईच्या अंगावर काटा यायचा. तरी ती म्हणायची, "आजून मोठ्यानं."

मेळ्याला पोरं टेम्पोतून गेली. निमोण्याची बरीच माणसं मागच्या रांगांत होती. बबनराव पुढं, गळ्यात हार, हातात मानाचं रोपटं. नाटक सुरू झालं. रुद्रनं हात कमरेवर ठेवले, मान वाकडी केली आणि ते वाक्य म्हटलं.

मागच्या रांगांतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर आपल्या माळावरची चिंच!" दुसरा बोलला, "आन् ह्यो बबनराव!" हसू फुटलं, ते रांगारांगांतून पुढं सरकत आलं. चौथीतल्या हर्षदानं धनगरीण होऊन टाहो फोडला, तसं हसू थांबलं. बायका पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या साखरबाईकडं बघू लागल्या. बबनरावांनी हातातलं रोपटं खुर्चीखाली सरकवलं. साखरबाई पडद्याआडून एकटक त्यांचा चेहरा बघत होती. पापणीसुद्धा लववत नव्हती.

पडदा पडताच रुद्र धावत गेला. "आबा, आवाज बरोबर काढला का?"

 पोराच्या डोक्यावर हात ठेवून बबनराव साखरबाईपाशी आले. "साखरे, वैर माझ्याशी हाय ना? पोराला कशाला घातलंस मधी?"

"माझी पोरंबी तवा तिथंच हुती आबा. त्येंना कुणी बाजूला केलं हुतं का?"

ते भाषण न करताच गाडीत बसले. साखरबाईला वाटलं, किती वर्षांनी छातीभर श्वास आला. सुषमाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही.

परतीच्या टेम्पोत पोरांनी मागच्या रांगांतून ऐकलेलं सगळं रुद्रला सांगून टाकलं. तो साखरबाईच्या शेजारीच बसला होता. त्यानं तिच्याकडं वळून विचारलं, "आज्जे, ती बाई तू हुतीस?"

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलं?"

तिनं पदर सारखा केला. पोरगं उठलं आणि पार मागं, फळीला टेकून, तोंड बाहेर करून बसलं. टेम्पो आदळला की त्याचं डोकं फळीवर आपटत होतं. त्याला जवळ घ्यावं असं साखरबाईला एकदा वाटलं. ती जागची हलली नाही.