घरघर

“ताईच्या धंद्याला घरघर लागलीय,” नवरा म्हणाला, तेव्हा भावजय टॉवेलांच्या घड्या घालत होती. बोलणारा बोलून निघून गेला. शब्द मात्र टॉवेलात अडकून राहिला, आणि पुढची एकेक घडी वाकडी पडत गेली.

तिच्या नणंदेची, वन्संची, खोली चष्म्याच्या दुकानाला चिकटून होती. पाटीवर नुसतं ‘विसावा’. आत एक उंच पलंग, तेल कोमट ठेवायचं विजेचं भांडं, कितीही पिळला तरी टिपूस गाळणारा नळ, आणि मधोमध निळा पडदा. पडद्याआड वन्सं लोकांच्या माना, पाठी, पोटऱ्या चोळायच्या. पडद्याबाहेर भावजय बसायची. फोन घ्यायची, टॉवेल धुवायची आणि खोलीचा ब्लॉग लिहायची. लोकांनी वाचावं, वाचून यावं, एवढ्यासाठी.

‘ताणमुक्तीचे सात सोपे उपाय’. ‘निरोगी मानेचा मूलमंत्र’. ‘मालिश: शरीराला लाभलेलं वरदान’. मथळ्यात आकडा हवा, पहिल्या परिच्छेदात लोक शोधतात ते शब्द हवेत, शेवटी ‘आजच संपर्क साधा’ हवं, हे सगळं ती शिकून घेऊन मन लावून करायची. पण लिहिलेलं वाचताना तिची तिलाच जांभई यायची. नेमाने वाचणारे दोघेच होते, तिची आई आणि तिचा नवरा. त्यातला नवरा थापा मारत होता.

तिला लिहायचं होतं ते वेगळंच होतं. तिचे वडील गेले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. वन्सं काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला पलंगावर पालथं घातलं, मानेवर हात ठेवला, आणि दगडाखालून झरा निघावा तशी ती रडली. आता हे कुठल्या सात उपायांत बसवायचं?

आणि आता बसवून तरी काय उपयोग होता? मोठ्या हॉटेलातून वन्संना बोलावणं आलं होतं. तिथे गुळगुळीत फरशी, पांढरा गणवेश, कोपऱ्यात कारंजं. महिना संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. अट एकच, कामाच्या वेळी अवाक्षर बोलायचं नाही. ‘शांतता हीच आमची ओळख,’ असं तिथल्या व्यवस्थापिका म्हणाल्या होत्या.

“मी कुठे बोलते?” वन्सं म्हणाल्या. “मी आपली मुकाट्याने काम करते.”

भावजयीने हसू गिळलं. पडद्याआड वन्सं सतत काही ना काही पुटपुटत असत. उकळी फुटण्याआधी भांडं गुणगुणतं ना, तसं. पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक रोजच्या माणसाला ऐकू येत नाही. ते पुटपुटणं नेमकं काय आहे, हे तिनेही कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की वन्सं गेल्या तर ही खोली नुसती खोली उरेल.

आता झालं ते असं. हात टॉवेलांत गुंतलेले असले की भावजय फोनला तोंडी मजकूर सांगायची. ती बोलेल ते फोन लिहायचा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी ते आपोआप ब्लॉगवर चढायचं. त्या दिवशी पलंगावर शहरबस चालवणारी बाई होती. सगळे तिला बसवालीच म्हणत. तिचा उजवा खांदा दाराच्या कडीसारखा अडकला होता. भावजयीने फोन पडद्याशेजारच्या फळीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात साबणवाला दार वाजवायला लागला. ती धावली. साबणवाला बोलघेवडा. त्याच्या मेहुण्याचं नवं घर, घराचा गळका जिना, जिन्यावरून झालेलं भांडण, सगळं ऐकून होईपर्यंत ती फोन विसरून गेली होती. बसवाली गेल्यावर तिने तो फळीवरून उचलला आणि न बघताच पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“अगं, हे काय लिहिलंयस तू आज?”

“का? काय झालं?”

“काही नाही. थांब, परत वाचते.” आणि आईने फोन ठेवला. एकदा सुरू झाली की आवरायची नाही, ती तिची आई.

भावजयीने ब्लॉग उघडला. वर तिचाच मथळा, ‘ताणतणावावर प्रभावी उपाय’. आणि खाली हे:

*आजच्या धकाधकीच्या जीवनात प्रत्येकाने आपल्या
आले आले
हा खांदा माझा
हा आता माझ्याकडे दे
किती दिवस उचलून धरलायस गं
कुणी सांगितलं होतं
ठेव खाली ठेव
रस्ता कुठे पळून जात नाही
वळणं वळणांच्या जागी राहू दे
गाडी उभी आहे चावी काढलेली आहे
आता कुणाला कुठे पोचवायचं नाही
मानेला म्हणावं बाई तू दमलीस
डोकं आजच्या दिवस उशीचं
उशीला वाहू दे
हं
असं
घर घर घर
घर घर घर*

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. आधी तिने बसवालीचं नाव-गाव, घरचं काही बाहेर पडलंय का ते पाहिलं. तसं काही नव्हतं. मग पुसून टाकायच्या खुणेवर बोट नेलं. पण पुसायच्या आधी नीट वाचावं म्हणून ती मोठ्याने वाचायला लागली. जिथे जिथे वन्सं श्वास घ्यायला थांबल्या होत्या, तिथे तिथे फोनने ओळ तोडली होती. वाचताना तिचाही श्वास तिथेच थांबत होता, तिथेच सुटत होता. ‘ठेव खाली ठेव’शी आली तेव्हा तिचे स्वतःचे खांदे, जे कानांपर्यंत चढले आहेत हे तिला ठाऊकही नव्हतं, ते उतरले. कुणी हात लावला नव्हता. वन्सं दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी होत्या.

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. देवळाचं दार लोटावं आणि आत समोरच उजेड असावा, तसं तिला झालं.

शेवटच्या दोन ओळी कळायला तिला थोडा वेळ लागला. वन्सं ‘घर घर’ कशाला म्हणतील? मग ध्यानात आलं. बसवाली घोरायला लागली होती. फोन बिचारा, त्याला जे ऐकू आलं ते त्याने शुद्ध मराठीत लिहून ठेवलं.

तिने लगेच बसवालीला फोन लावून सगळं सांगितलं. बसवालीने आधी एकच विचारलं.

“माझं नाव नाही ना?”

“नाही.”

“मग राहू दे. मलाही पाठव. झोप लागल्यावर त्या काय म्हणाल्या ते मला कुठे माहीत आहे?”

नवऱ्याने तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून वाचलं. एरवी तो दुसऱ्या ओळीला ‘छान’ म्हणून मोकळा व्हायचा. आज शेवटपर्यंत गेला. त्याची मूठ नेहमी वळलेली असायची, कचेरीतली सवय. ती उघडली होती.

“ताई हे असं बोलते?” त्याने विचारलं. आणि मग हळूच, “लहानपणी मला ताप आला की अशीच बोलायची. मला वाटायचं ते मला स्वप्नात ऐकू आलं.”

रात्रीतून लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. खाली प्रतिक्रिया आल्या. कुणी लिहिलं, चावी काढलेली आहे ही ओळ मी आरशावर चिकटवली. एका गृहस्थांना दुसऱ्याच ओळीची काळजी: ‘आले किसून घ्यावे की ठेचून?’

सकाळी भावजयीने वन्संना सगळं कबूल करून मजकूर वाचून दाखवला. वन्संनी आधी हसत ऐकलं. “कोण गं ही बाई? बरं बोलते.”

“तुम्हीच की.”

वन्संचा चेहरा लाजाळूच्या पानासारखा मिटला.

“माझं बोलणं चव्हाट्यावर मांडलंस?”

“मुद्दाम नाही, वन्सं. फोन चालू राहिला.”

“फोन चालू राहिला. लेखिकाबाई, तुमचा फोन काय, तुम्ही काय.” त्या पडद्याआड गेल्या आणि पडदा शेवटच्या कडीपर्यंत ओढून घेतला.

त्या दिवशी माणसं आली, ती वाचूनच आली. पण पडद्याआडून एक शब्द आला नाही. तेलाचा चुळचुळ आवाज आणि नळाचं टिपूस, एवढंच. बाहेर येताना एका शिंपिणीने दबक्या आवाजात विचारलं, “त्या बोलतात ना? आज बरं नाही का?” दुसऱ्या दिवशीही तेच. वन्सं म्हणाल्या, “तोंड उघडलं की वाटतं, कुणीतरी लिहून घेतंय. हॉटेलात बरं. तिथे न बोलण्याचेच गुण.”

जे अवघ्या शहराला ऐकू गेलं, ते भावजयीने या खोलीतूनच घालवलं होतं.

तिसऱ्या दिवशी बसवाली खांदा दाखवायला आली होती आणि पलंगाच्या कडेला बसून बूट काढत होती. इतक्यात एक अनोळखी बाई दारात उभी राहिली. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या.

“मला मालिश नकोय,” ती म्हणाली. “एक विचारायचं होतं. माझी आई अंथरुणाला खिळलीय. कातडी इतकी नाजूक झालीय की हात लावला तरी कळवळते. मलासुद्धा लावू देत नाही. काल तिला हे वाचून दाखवलं.”

वन्संचा हात पडद्यावरच राहिला.

“खांद्याच्या ऐवजी मी गुडघा म्हटलं. चालतं ना? गाडीच्या ऐवजी चूल म्हटलं. चूल विझवलीय, आता कुणाला वाढायचं नाही. तर ती म्हणाली, पुढे वाच. फक्त शेवट मला नीट जमेना. ते घर घर घर कसं म्हणायचं? सावकाश, की एका दमात? आईला वाटतं त्यात मंत्र आहे.”

बसवालीने हातातला बूट खाली ठेवला.

“ताई, मंत्र नाही हो. ते माझं घोरणं आहे.”

भावजयीने ओठ दाबून धरले. अनोळखी बाई बघतच राहिली. आणि वन्सं, दोन दिवस दातखीळ बसलेल्या वन्सं, पडद्याला धरून इतक्या हसल्या की दोन कड्या निसटल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“म्हणजे मी चुकीचं म्हणत होते,” अनोळखी बाई म्हणाली. ती हसत नव्हती. “पण मग आईनेही तेच म्हटलं. मी थांबले, आणि तिने सुरू केलं. घर्र, घर्र. किती दिवसांनी झोपली ती. मी रात्रभर हात न लावता तिच्याजवळ बसले होते, आणि मला वाटत होतं मी तिला धरलंय.”

वन्संचं हसू थांबलं. त्यांनी आपले दोन्ही हात वर धरून पाहिले, तेलाने चकाकणारे, अंगठे बाहेर वळलेले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की जे काय आहे ते या हातांत आहे. जिथे हात पोचू शकत नाहीत तिथेही आपण जाऊन आलो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. त्या खाली स्टुलावर टेकल्या.

“आईला गुडघ्याचं सांगायचं असेल,” त्या म्हणाल्या, “तर चुलीच्या आधी उंबऱ्याचं सांग. उंबरे फार ओलांडलेले असतात बायकांनी. म्हण, आता सगळं एकाच पातळीवर आहे.” अनोळखी बाई ओठांतल्या ओठांत ते घोकत घोकत गेली. वन्सं बसवालीकडे वळल्या. “झोप गं पालथी. दे तो खांदा.”

मग त्यांनी हॉटेलला फोन लावून एवढंच विचारलं, “बाई, अगदी हळू बोललं तर चालेल का?” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. “मग राहू दे,” वन्सं म्हणाल्या आणि हात पुसून पडद्याआड गेल्या.

भावजय पडद्याशी घुटमळली. “वन्सं, इथे बसू का? ऐकायला. तुम्ही आणि ह्या हो म्हणालात तरच लिहीन. आणि आधी तुम्हाला वाचून दाखवीन.”

“माझं घोरणं फुकट नाही हां,” पलंगाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून बसवाली म्हणाली.

“बस,” वन्सं म्हणाल्या. “पण तो फोन नको. हाताने लिही. आणि मी काय म्हणते तिकडे बघू नकोस, तू आपली ऐक.”

ती जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावून. आत तेल चुळचुळलं. काही वेळ नुसताच श्वास. मग उकळी फुटण्याआधीचं ते गुणगुणणं सुरू झालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. जिथे वन्सं थांबल्या तिथे तिने ओळ तोडली. नळाचं टिपूस पडलं, तेही तिने थांबून पडू दिलं.

शेवटी बसवालीचा घसा वाजायला लागला. भावजयीचं पेन थबकलं. घोरण्याला घोरणं म्हणून लिहिता येतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

तिने लिहिलं, घर.