सरूबाईचं बोंडलं

मित्रांनो, आधी माझ्या नावाला हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. मी बोंडलं. पितळेचं, मुठीत मावेल एवढं, एका बाजूला लांब चोच काढलेलं भांडं. घरात तान्हं मूल असलं की त्याला दूध पाजायला माझ्यासारखं एखादं असायचंच. आता बाटल्या आल्या आणि आमची रवानगी फळीवर झाली. मी तक्रार करत नाही. पितळेला रडू येत नाही, त्यामुळे पाहिलं तेवढं सरळ सांगता येतं.

भोरच्या आठवडे बाजारात विंझरच्या एका बाईनं मला घासाघीस करून विकत घेतलं, कारण तिच्या घरी मुलगी झाली होती. मुलीचं नाव सरू. तेव्हा सरूबाई आणि मी एकाच वयाचे, आणि मी पाजलेलं पहिलं तोंड तिचं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण माणसं विसरतात. तिच्यामागून तिचा भाऊ गेनू आला, त्यालाही मीच वाढवलं. मग आमच्या वस्तीत ज्या घरी पाळणा हलेल त्या घरी मी जायचो. बोंडलं मागून न्यायला कुणी लाजत नसे. एक रीत मात्र होती. परत देताना रिकामं द्यायचं नाही. कुणी साखर घालायचं, कुणी गुळाचा खडा, अगदीच काही नसलं तर चार दाणे तांदूळ. भरल्या पोटी घरी यायला मलाही आवडायचं.

सरूबाई वाढली तसा तिचा खालचा जबडा पुढं येत गेला. पुढचे दात वरचे वर, खालचे खाली, त्यांची कधी गाठ पडायची नाही. तिच्या बापाचंही तोंड तसंच होतं. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत मोडलं. का मोडलं हे कुणी बोलून दाखवलं नाही, तिच्याकडे बघून ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. ती भावाकडे परत आली ती कायमची. गेनू त्या जबड्यातून सुटला होता, पण त्याची लेक शुभांगी अगदी आत्यावर गेली. गेनूची बायको छाया शेतात जायची आणि शुभांगीला मांडीवर घेऊन, माझी चोच तिच्या गालात घालून दूध पाजायचं काम सरूबाईचं. बघणारे म्हणत, आत्या कोणती आणि भाची कोणती, ते फक्त वयावरून कळतंय. सरूबाईला हे ऐकून बरं वाटायचं. तिच्या तोंडाला कुणीतरी जोडीदार मिळाला होता.

शुभांगी मोठी झाली आणि माझं काम संपलं. पुढं सरूबाईनं गुंजवण्याच्या रस्त्याला टपरी टाकली. राजगडावर जाणारी पुण्याकडची पोरं तिथं थांबतात, चहा पितात, पावसाळ्यात भाजलेली कणसं खातात. तिनं मलाही टपरीवर नेलं, कणसांवर मिठाचं पाणी सोडायला. मिठानं माझी कल्हई गेली, अंगावर हिरवं चढलं. दूध पाजणारा मी, निखाऱ्यापाशी काळा होत बसलो. असो, काम ते काम. दिवसभर कणसं भाजूनही सरूबाई स्वतः एक दाणा तोंडात टाकत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, मला न्हाई आवडत. सगळ्यांना ते पटायचं. मलाही पटलं होतं.

शुभांगी नसरापूरला औषधांच्या दुकानात कामाला लागली. घास तोडता येत नाही, नीट चावला जात नाही, कानापाशी जबडा ठणकतो, हे तिचं दुखणं जुनंच होतं. पुण्याच्या दातांच्या डॉक्टरांनी आधी तारा बसवल्या. मग सांगितलं की तारांनी दात सरळ होतील, जबडा होणार नाही. त्याचं हाड कापून मागं घ्यावं लागेल, वरचं थोडं पुढं आणावं लागेल आणि पट्ट्या-स्क्रू लावून बसवावं लागेल. शुभांगीनं मनाशी ठरवूनही टाकलं. घरात गेनूला पटवलं, छायाला पटवलं आणि शेवटी ती टपरीवर आत्याला सांगायला आली.

सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माज्या तोंडाची लाज वाटती व्हय गं तुला?"

"लाज कसली, आत्या? मला चावता येत न्हाई."

सरूबाई काहीतरी बोलणार होती. पण ती नुसतीच विझलेल्या निखाऱ्यांना उगाच वारा घालत राहिली. त्या दिवसापासून ती भाचीशी बोलेनाशी झाली. एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं आणि बोलायचं नाही. बायका-माणसांना हे जमतं कसं, कोण जाणे.

शिमगा झाला आणि शुभांगीचं ऑपरेशन झालं. मी तिथं नव्हतो, सरूबाईही गेली नाही. गेनू आणि छायाच्या बोलण्यातून कानावर आलं ते असं. पोरगी घरी आली तेव्हा तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. खालचे-वरचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले. तोंड उघडायचं नाही, चावायचं नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर, तिथं बोट लावलं तरी कळायचं नाही. शेवटच्या दाढेमागं जी एवढीशी फट असते तिच्यातून प्लास्टिकच्या पिचकारीनं पातळ काहीबाही आत सोडायचं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की पोटात पुरेसं गेलं नाही तर हाड सांधणार नाही, आणि पुढच्या खेपेला वजन उतरलेलं दिसलं तर परत भरती करून नाकातून नळी घालीन. घरातल्या सगळ्यांनी त्या नळीचा धसका घेतला.

आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं जात नाहीत. त्यामुळे दात बांधलेल्या पोरीसमोर बिस्किटांचे पुडे आणि केळ्यांचे घड साठले. एकीनं तर शेंगदाण्याचे लाडू आणले. येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जायचा. हाडाला हाड जोडायला बोकडाच्या पायाचा अळणी रस्सा पाहिजे, असं कुणीसं म्हणालं. छायानं लगेच पाय आणून तो शिजवला, पातळ कापडातून गाळला आणि निवेपर्यंत ताकद निघून जाईल म्हणून गरमगरमच पिचकारीत भरला. प्लास्टिकमधून तिच्या हाताला काही लागलं नाही आणि शुभांगीच्या ओठाला तर काहीच कळत नव्हतं. कातडं निघालं तेव्हा दोघींना समजलं.

तेव्हापासून पोरगी भेदरली. जे कळतच नाही ते तोंडाशी येऊ द्यायचं कसं? त्यात पेज हनुवटीवरून ओघळायची, समोरचे बघत बसायचे आणि तिला पत्ताच नसायचा. दोन घोट झाले की मान फिरवायची आणि मोबाईलवर लिहून दाखवायची, नको. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला तशी छाया टपरीवर आली आणि नणंदेपुढं बसून रडली.

"वन्सं, माज्या हातचं ती घेत न्हाई आता. तुमचा राग नंतर काडा. तुमी तेवडं चला."

 दुसऱ्या दिवशी सरूबाईनं टपरी बंद ठेवली, मला पदरात बांधलं आणि भोरची एसटी धरली.

मित्रांनो, कल्हई म्हणजे काय ते तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? भोरात एक म्हातारा कल्हईवाला अजून भाता चालवतो. त्यानं मला घासलं, तापवलं, पोटात नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं पुसलं. धूर गेला तेव्हा माझं पोट आतून चांदीसारखं चमकत होतं. खोटं कशाला सांगू, मला भारी वाटलं. गेनूनं डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, उकळून स्वच्छ करून घ्या, चालेल.

जयंतीचा दिवस होता. वस्तीतली सगळी मिरवणुकीला गेली होती, छायालाही सरूबाईनं पाठवून दिलं होतं. लांबून ढोल ऐकू येत होता. शुभांगी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उशांना टेकून बसली होती. सरूबाई नाचणीची दुधातली पेज गाळून घेऊन आली आणि तिच्याशेजारी टेकली. पेज माझ्यात ओतली आणि मला तळहातावर घेऊन बसून राहिली.

आमच्या पितळेची एक खोड आहे. माझ्या पोटात जे तापलेलं असतं ते आधी धरणाऱ्याच्या हाताला लागतं. सरूबाईचा तळहात लाल झाला, मग निवला. शुभांगी तो हात बघत होती.

"माज्या हातात हाय, बग," सरूबाई म्हणाली. "पोळलं तर आदी मला पोळंल."

शुभांगीनं मान फिरवली नाही. सरूबाईनं बोटानं तिचा गाल जरासा ओढला, माझी चोच आत सरकवली आणि मला अगदी बेतानं कलतं केलं. जुनीच वाट होती, फक्त गाल मोठा झाला होता. पेज आत गेली. थोडी ओघळली, तेव्हा सरूबाईनं पदरानं हनुवटी पुसली आणि सांगितलं की तान्ही होतीस तेव्हाही अर्धं दूध माझ्या लुगड्यालाच पाजायचीस. शुभांगीला हसू आलं, हसता येईना, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरूबाईनं तेही पुसलं. माझं पोट रिकामं झालं, परत भरलं, परत रिकामं झालं. रुसव्याबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

डॉक्टरांच्या काट्यावर उतरलेलं वजन बरंचसं भरून आलेलं दिसलं. नळीचं नाव निघालं नाही. तिथून पुढं मला विश्रांती नव्हती. वरणाचं पाणी, भाताची पेज, ताक, आणि तोच रस्सा, या खेपेला हाताला सोसेल असा. वैशाख पौर्णिमेला विहारातली खीर वाटून, गाळून माझ्यातूनच तिच्या पोटात गेली. मग रबरं निघाली, मऊ भात सुरू झाला. ओठाला हळूहळू मुंग्या येऊ लागल्या, आणि मुंग्या आल्या म्हणून घरात आनंद झाला. सूज उतरली तसं आतलं नवं तोंड वर आलं. बघायला येणाऱ्या बायका वाहवा करत होत्या. सरूबाई बाजूला बसून भाचीच्या हनुवटीकडे बघायची. तिथं आता तिचं काही उरलेलं नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं.

पावसाळ्यात टपरी परत सुरू झाली. एका रविवारी गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती आणि शुभांगी मला घासूनपुसून परत द्यायला आली. सरूबाईनं मला हातात घेऊन आत डोकावलं.

"रिकामंच आणलंस व्हय?"

शुभांगी ओशाळली. तिनं विस्तवावरचं एक कणीस उचललं. डॉक्टरांनी आता सगळं खायची मुभा दिली होती. तिनं फुंकर घातली आणि पुढच्या दातांनी कणसाचा चांगला चावा घेतला. दाणे तुटल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. सरूबाईच्या हातातला पंखा थांबला. गिऱ्हाईक कणीस मागत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"कसं लागतं गं?" तिनं हळूच विचारलं.

"कणीस? तूच तर भाजलंयस."

"कणीस न्हाई. असा चावा घेतल्यावर कसं लागतं?" सरूबाई निखाऱ्यांकडे बघत होती. "म्या नखानं दानं काडून खाल्लं. ते बी कुनी बगत नसताना."

शुभांगीनं तोंडातला घास गिळला. म्हणाली, "आत्या, तू कदी बोलली न्हाईस."

"मला कुनी इचारलंच न्हाई."

मग शुभांगी पोत्यावर बसली. विस्तवावरचं सगळ्यात कोवळं कणीस घेतलं आणि अंगठ्यानं एकेक ओळ सोलून दाणे माझ्यात टाकू लागली. गरम होते, बोटं झटकत होती, पण थांबली नाही. मी काठोकाठ भरलो. तेव्हा तिनं मला तळहातावर घेतलं आणि हाताला सोसेपर्यंत धरून ठेवलं. मग आत्याच्या हातात दिलं.

"घे. रिकामं परत करायचं नसतं."

आणि सरूबाईनं, भर गर्दीत, सगळ्यांच्या देखत, मूठभर दाणे तोंडात टाकले. तिला चावायला वेळ लागत होता. गिऱ्हाइकं थांबली. शुभांगीनं पंखा हातात घेतला आणि कणसं भाजू लागली. मी पाजलेलं पहिलं तोंड इतक्या वर्षांनी परत माझ्यातून खात होतं.

मित्रांनो, मागणं फार नाही. घरात पितळेचं जुनं भांडं असलं तर त्याला कल्हई करून घ्या, त्याच्यात नुसते खिळे नि टाचण्या भरून ठेवू नका. कुणाला काही पाजायचं झालं तर आधी आपल्या हाताला सोसतंय का ते बघा. आणि कधी गुंजवण्याच्या रस्त्याला थांबलात, तर कणीस भाजून देणाऱ्या बाईला एकदा तरी विचारा, "तुम्ही खाल्लंत का?"