चांदी लागली की बरा होतो

आमची नात तनुजा लातूरला कॉलेजात हाय. तिनं फोन केला, "आबा, एकतीस तारखेला आमच्याकडं हॅलोविन हाय. माणसाचा लांडगा होतो, तसले जुने सिनेमे दाखवायचेत. तुम्ही जळकोटात व्हिडिओ चालवायचे ना? त्यातला चांगला कोणता, सांगा की."

मी म्हणलो, "पोरी, दिवाळीचे लाडू अजून डब्यात हायत, आन हा भुताचा सण कुठून काढलाव?"

ती हसली. मला काही हसू आलं न्हाई. तसला सिनेमा म्हणलं की मला एकच माणूस आठवतो, नरसिंग. छत्तीस वर्षं झाली, त्याला मी तोंड दाखवलं न्हाई.

तवा माझ्याकडं एक टीव्ही, एक व्हीसीआर आन पत्र्याची खोली होती. इंग्रजी सिनेमा कुणाला कळणार? म्हणून नरसिंग हातात वेताची छडी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभा राहायचा आन सिनेमा सांगायचा. सांग्या म्हणायचो आम्ही त्याला. त्याला तरी इंग्रजी कुठं येत होतं! तोंडं बघून सांगायचा. गोरा साहेबसुद्धा त्याच्या तोंडून जळकोटचा व्हायचा. "आई सांगून राहिली, लेका, पुनवेला घराबाहेर पाऊल टाकू नको. लेक म्हणतोय, हाव माय." लोक सिनेमा बघायला न्हाई, नरसिंगला ऐकायला यायचे.

लांडग्याचा एक काळापांढरा सिनेमा लई चालला. शेवटाला शिपाई त्या लांडग्याला चांदीची गोळी घालतो. तो पडतो, अंगावरचे केस जातात, परत माणसाचं तोंड येतं, आन म्हातारी आई त्याचं डोकं मांडीवर घेती. संपला सिनेमा.

पण नरसिंग सांगायचा, "चांदी लागली! आपण लेकराच्या कमरेला चांदीचा करदोडा बांधतो का न्हाई? तसंच हे. बघा, केस गेले, तोंड आलं. बरा झाला! दमलाय, म्हणून आईच्या मांडीवर झोपलाय." बाया पदरानं डोळे पुसायच्या. माझं मात्र टाळकं सरकायचं. ढळढळीत मेलेला माणूस हा जिता करून राहिलाय, आन मशीन माझी असून टाळ्या ह्याला! खरं सांगतो, जळत होतो मी.

एका रविवारी दुपारी मी मागून ओरडलो, "ए सांग्या! झोपला न्हाई, मेला तो! असले कधी बरे होत नसतात!"

सगळी खोली हसली. नरसिंगनं छडी टीव्हीवर ठेवली. बायांच्या बाजूला गेला, त्याच्या बायकोला, नागुबाईला, हाताला धरून उठवलं आन निघून गेला. परत आला न्हाई. मी म्हणलो, गेला तर गेला, कुणाचं अडतंय?

नागुबाईला फिट येत होती. मला काय मालूम! दोघांनी लपवून ठेवलं होतं, कारण लोक लगेच म्हणायचे, बाहेरचं हाय, पुनवेला वाढतं. नरसिंग तिला महिन्याच्या महिन्याला उदगीरला डॉक्टरकडं न्यायचा, आन रविवारी व्हिडिओला आणून बसवायचा. तो शेवट तो तिच्यासाठीच सांगत होता. त्या दिवसापासून तिनं गोळ्या सोडल्या. म्हणायची, "असले बरे होत नसतात." दोन वर्षांनी पाणी शेंदताना फिट आली आन बाई आडात गेली. हे सगळं मला तिच्या मातीहून आलेल्या लोकांनी सांगितलं. मी मातीला गेलो न्हाई. कोणत्या तोंडानं जाणार होतो? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता जिंदगी गेली. नरसिंग लेकीला घेऊन शिरूर अनंतपाळला राहायला गेला.

तनुजाचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो.

दार त्याच्या लेकीनं, महामायानं उघडलं. ती दवाखान्यात नर्स हाय. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला, पण "या काका" म्हणली, पाणी दिलं. नरसिंग बाजेवर बसला होता, पार वाळून गेलेला.

"नरसिंग, लातूरला पोरं तो लांडग्याचा सिनेमा लावून राहिलेत. सांगायला येतोस का?"

अरे देवा! माफी मागायला गेलो होतो, आन तोंडातून निघालं हे. चुलीत घाला असलं तोंड.

त्यानं वळून विचारलं, "तू असणार का तिथं?"

"हाव."

"मग येतो."

तनुजानं तोच सिनेमा नेटवर हुडकून काढला. होस्टेलचं गेट सातला बंद होतं, म्हणून एकतीसला चार वाजताच कॉलेजात पडदे ओढून बसले सगळे. पोरं लांडग्याचे मुखवटे घालून आलेली. नरसिंग महामायाचा हात धरून आला. छडी म्हणून पोरींनी त्याला झाडूचा दांडा दिला. आधी पोरं फिदीफिदी हसली. पण तो गोरा साहेब "हाव माय" म्हणला आन पाचच मिनिटांत खोली गप झाली. मुखवटे काढून ऐकायला लागली लेकरं. आवाज थकला होता, पण सांगणं तेच, जुनं.

शेवट आला. शिपायानं गोळी घातली, लांडगा पडला. नरसिंग माझ्याकडं वळला. त्यानं दांडा माझ्यापुढं धरला.

"शिवलिंग, ये. शेवट तू सांग."

मी उठून दांडा घेतला. महामाया पहिल्याच रांगेत बसलेली. पडद्यावर लांडग्याचे केस जायला लागले होते, तोंड दिसायला लागलं होतं.

"चांदी लागली," मी म्हणलो. "बरा झाला. दमलाय... आईच्या मांडीवर झोपलाय."

मागून एक पोरगं हसलं, "ओ आजोबा, मेला की तो!"

खोली हसली. तनुजा त्याच्यावर खेकसली. नरसिंगनं तिला हातानंच थांबवलं.

"लेकरू हाय ते, त्याला काय मालूम," तो म्हणला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणला, "तू लेकरू नव्हतास, शिवलिंग."

"चुकलो रे," मी म्हणलो. तवा व्हिडिओत ओरडलो होतो तसंच मोठ्यानं, सगळ्यांपुढं. "नरसिंग, लई चुकलो!"

मी दांडा परत त्याच्यापुढं केला. त्यानं घेतला न्हाई. महामाया उठली, बापाला हाताला धरलं, आन दोघं दारातून निघून गेले. दांडा माझ्याच हातात राहिला.