ह्यांचा ईमेल घाला

मुरलीधरराव खांबेट्यांनी आयुष्यात भरलेला एकही फॉर्म परत आलेला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून कोणाला सांगत नसत, पण विषय तिकडे वळवायला त्यांना फार वेळही लागत नसे. कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच उद्योग धरला होता. कोणाचा व्हिसा, कोणाच्या आईचा पासपोर्ट, कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश. पुण्याहून आलेली आयटीतली पोरं आधी काकांकडे येत आणि मग बँकेत जात. माणूस परोपकारी, यात शंका नाही. पण परोपकारी माणसालाही घमेंड असते, ती जरा उशिरा दिसते एवढंच.

त्यांची बायको श्यामला यंदा पार्लमेंटच्या उमेदवारीसाठी उभी होती. म्हणजे पार्लमेंट अजून लांब होतं. आधी पक्षानं तिकीट द्यायला हवं, आणि ते कोणाला द्यायचं हे मतदारसंघातले पक्षाचे सभासद मतं देऊन ठरवणार होते. सभासद चारशे तीस. शेवटी दोघंच उरले होते, श्यामला आणि जय नावाचा चौतीस वर्षांचा बॅरिस्टर. जयच्या मागे निम्मं कौन्सिल होतं, युनियन होती, गुळगुळीत कागदावरची पत्रकं होती. श्यामला बावीस वर्षं डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनवर बसली होती. तिच्या मागे तेवढंच. तिचा निभाव लागेल असं कोणालाच वाटत नव्हतं, आणि तोंडावर तसं कोणी म्हणतही नव्हतं.

पण त्या रिसेप्शनच्या काचेमागून तिनं एक गोष्ट बावीस वर्षं पाहिली होती. दुखणं बाईचं आणि सांगणारा नवरा. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का, सगळी उत्तरं तो द्यायचा आणि ती शेजारी पर्स घट्ट धरून उभी असायची. भाषणात ती हेच सांगे. बाईचं दुखणं बाईच्या तोंडून ऐका, म्हणे. ते तिच्या पोटातून यायचं म्हणून लोक कान देऊन ऐकायचे. जयची माणसंसुद्धा टाळ्या वाजवायची आणि मत मात्र जयला, असं ठरवून घरी जायची.

तेव्हा जिंकायचं तर नवे सभासद हवे होते, आणि पक्षाच्या नियमानं ते सहा महिने आधी झालेले हवे होते. निवडणुकीची कुणकुण जानेवारीतच लागल्यामुळे श्यामलानं यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात केलं. तिच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं असे, नवरा असो वा नसो. वाण म्हणून तिनं पेनं लुटली. तिळगूळ हातावर ठेवून ती प्रत्येकीला म्हणत होती, "आत ह्यांच्याकडे जा आणि नाव घाल. मला तुझं मत हवंय, फुकटची टाळी नको."

आतल्या खोलीत मुरलीधरराव लॅपटॉप उघडून बसले होते. बायका एकेक करून येत. नाव, जन्मतारीख, पोस्टकोड धडाधड सांगत. ईमेल म्हटलं की थबकत, आणि मग हसून म्हणत, "ह्यांचा घाला, काका. मी कुठे बघते?" काका घालत; हे बहुतेक आधीपासूनच सभासद होते. ज्यांचे हे नव्हते त्यांना ते स्वतःचाच घालत, म्हणजे काही आलं तर कळवता येईल. पक्षाच्या वेबसाइटनं सगळं निमूटपणे घेतलं. त्या दुपारी एकसष्ट बायका सभासद झाल्या, आणि त्यातल्या चव्वेचाळिसांच्या फॉर्मवर ईमेलचा पत्ता दुसऱ्याच कोणाचा तरी होता. मुरलीधररावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात तरी दुसरं काय होतं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मतदान सुरू झालं. बाहेर पानं कुजून फूटपाथला चिकटली होती आणि साडेतीनलाच दिवे लावावे लागत होते. मुरलीधररावांना सकाळी मतदानाची लिंक आली, त्यांच्या नावानं. श्यामलाची आली नाही. अकरापर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग वरच्या खोलीत जाऊन लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. तनिषा दुसऱ्या मतदारसंघात याच पक्षाचं काम करायची.

"बाबा, एक ईमेल, एक लिंक," तनिषा म्हणाली. "सिस्टिम पहिला नाव घेतो, बाकीचे ड्रॉप करतो. ईमेल चेंज करायची डेडलाइन गेला शुक्रवार होता. दोन वीकपूर्वी सगळ्यांना नोटीस आला होता ना?"

आली होती. आपला तपशील बरोबर आहे ना, तपासा, असं त्या नोटिशीत म्हटलं होतं. मुरलीधररावांनी ती वाचली होती, तपशील बरोबरच आहे याची त्यांना खात्री होती, आणि त्यांनी ती काढून टाकली होती.

"बाबा? मम्मीच्या लेडीजचे फॉर्म तू भरलास ना? सगळे?"

"हो."

"ओ बाबा," ती म्हणाली.

खाली श्यामला यादी घेऊन फोनवर बसली होती. एकेका बाईशी बोलायची, मुलांची चौकशी करायची, मग मताचं काढायची आणि नावापुढे हळदीकुंकवाच्या उरलेल्या पेनानं खूण करायची. ते जिन्यावरून उतरले तेव्हा ती वर बघून हसली. "अहो, गणित जमतंय हो. जयचं पारडं जड आहे, पण ह्या एकसष्ट जणी आल्या ना, तर काठाकाठानं निघतो आपण."

सांगायची वेळ तीच होती. मुरलीधरराव स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चहा टाकला. त्या दिवशी ते मूग गिळून बसले आणि दुसऱ्या दिवशीही. आपलं मत कधी द्यायचं, असं तिनं दोनदा विचारलं, तेव्हा गुरुवारपर्यंत वेळ आहे म्हणाले. भीती वाटत होती त्यांना. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोची भीती वाटायची ही पहिलीच वेळ.

मंगळवारी संध्याकाळी गल्लीतली सीमा ओल्या कोटानंच आत आली. नागपूरची पोरगी, नवरा मोहन इथे बँकेत. "काकू, मला लिंक आलीच नाही. जंक फोल्डरपण चेक केलं मी. मोहनला आली, त्यानं कालच व्होट केलं."

"कोणाला?" श्यामलानं विचारलं.

सीमा कोटाची बटणं काढत राहिली. "जयला. तो म्हणाला, काकूंचं निघणार नाही, मग व्होट वेस्ट कशाला करायचं? सॉरी, काकू. मी त्याच्याशी भांडले. पण माझी लिंक कुठेय?"

श्यामलानं नवऱ्याकडे पाहिलं. "सीमाच्या फॉर्मवर ईमेल कुठला घातला होता?"

"मोहनचा," ते म्हणाले. "ती म्हणाली, ह्यांचा घाला."

"आणि बाकीच्यांचा?"

ते यादीतली नावं बघू लागले. सीमाला काय ते कळलं, आणि ती भाजी गॅसवर आहे असं काहीतरी पुटपुटत निघून गेली. दार लागलं. श्यामला यादीची पानं सारखी करत होती.

"आणि माझा?"

"तुझाही माझाच आहे," मुरलीधरराव म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी भरला तेव्हाचा. लिंक एकच आली आहे. माझ्या नावाची."

आता ती ओरडेल, असं त्यांना वाटलं. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे मला माझं स्वतःचं मतसुद्धा नाही," ती सावकाश म्हणाली. "एकोणीस वर्षं सभासद आहे मी. पक्षाचं एक पत्र मला कधी आलं नाही, आणि मला त्याचं नवलही वाटलं नाही. तुम्ही वाचून सांगायचात. आणि मी गावभर काय सांगत फिरले?"

"माझी चूक झाली, श्यामला."

"तुमची तर झालीच. कधी कळलं?"

"काल सकाळी."

त्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. मत गेल्याचं तिनं सोसलं असतं. दोन दिवस ती फोनवर आशेनं बोलत होती आणि हा माणूस शेजारी चहा ठेवत होता, हे तिला सोसेना. ती उठून वर गेली.

बुधवारी त्यांनी एक तोड काढली. सगळ्या नवऱ्यांना फोन करतो म्हणाले, अजून ज्यांनी मत दिलं नाही त्यांनी लिंक बायकोसमोर धरायची, म्हणजे झालं. श्यामला पोळीवर तूप लावत होती. तिनं मानही वर केली नाही. "ती मतं त्यांची आहेत. चोरून मिळालेलं तिकीट मला नको."

गुरुवारी बाराला मतदान संपणार होतं. सव्वाअकराला मुरलीधररावांनी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "हे तू दे. निदान हे एक तरी."

"तुमचं नाव आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "तुम्हीच द्या." आणि ओले कपडे रेडिएटरवर घालायला निघून गेली. त्यांनी मत दिलं. कोणाला दिलंत, हे तिनं विचारलं नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

सहा वाजता पक्षाच्या सेक्रेटरीचा फोन आला. जय एकशे एकाहत्तर, श्यामला एकशे एकोणपन्नास. बावीस मतांनी गेलं. तिनं दोनदा थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. चव्वेचाळीस आणि बावीस हे आकडे मुरलीधररावांनी मनात शेजारी मांडून पाहिले, आणि नको ते केलं असं त्यांना झालं. एवढ्या थोडक्यानं हरेल असं तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सपाटून हरली असती तर त्यांना रात्री झोप तरी लागली असती.

"जयला अभिनंदन कळवायला हवं," ती म्हणाली.

"कळवतो," असं म्हणत त्यांनी सवयीनं खुर्ची ओढली.

"उठा तुम्ही." ती त्यांच्या जागेवर बसली. "आधी माझा ईमेल काढते."

"बैल गेला आणि झोपा केला," ते कसनुसं हसून म्हणाले. ती हसली नाही. तिनं दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत नाव टाइप केलं, आडनाव केलं. मग पासवर्ड आला आणि तिचे हात थांबले.

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

मुरलीधरराव पॅसेजमध्ये कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभे राहिले. आतून मधूनच एखादं बटण वाजत होतं. मग बराच वेळ काही वाजलं नाही.

"ॲट कुठे आहे?" तिनं आतून विचारलं.

त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"येऊ नका. नुसतं सांगा."

"शिफ्ट धर," ते दारामागून म्हणाले, "आणि एलच्या उजवीकडचं दुसरं."

"मिळालं," ती म्हणाली. अजून काही विचारेल म्हणून ते तिथेच उभे राहिले. तिनं विचारलं नाही.