गिरजाबाईचा मॉर्निंग वॉक

"सही तेवढी करतोस का न्हाई, ते सांग." भानुदासनं हातातलं दाताळं मेपलच्या बुंध्याला टेकवलं.

राकेश वाळली पानं कागदी पिशवीत कोंबत होता. ऑक्टोबरच्या शनिवारी अमेरिकेतल्या ह्या पार्सिपनीतला एकूण एक बाप्या हेच करतो. झाडानं फुकट दिलेलं खत पिशव्यांत भरून रस्त्याकडंला टाकायचं आणि वसंतात दुकानातनं पोत्यानं विकत आणायचं. भानुदासला पहिल्या दिवसापासून ह्याची शिसारी होती. पण पाहुण्याच्या घरी म्हैस काळी म्हणू नये, आणि लेकाच्या घरी तर पाहुण्याहून पाहुणा.

"आबा, विषय झालाय आपला. परसातली भिंत पाडायची नाही."

विषय संडासाचा होता. आज्यानं मरताना गावचं घर नातवाच्या नावावर केलेलं, त्यामुळं भिंत फोडून मागं संडास काढायचा तर ग्रामपंचायतीला राकेशची संमती लागत होती. भानुदासच्या बायकोचे, गिरजाबाईचे, दोन्ही गुडघे गेलेले. पहाटे तांब्या घेऊन ती ओढ्याकडं जायची, बाभळीचं खोड धरून बसायची आणि तेच खोड धरून उठायची. गेल्या साली हात निसटला आणि काट्यांत पडली. दोन तास पडून होती, कारण असल्या जागेवरनं हाक कशी मारायची.

जुलैत राकेश बायकोला आणि लेकीला, हर्षिताला, घेऊन गावी आला आणि परतताना म्हाताराम्हातारीला सहा महिन्यांसाठी घेऊन आला. इथला खुर्चीसारखा संडास बघून गिरजाबाई म्हणाली होती, "अवो, असलं एक आपल्याकडं झालं तर मी शंभर वर्सं जगंन."

"दगडमातीची भिंत आहे ती," राकेश म्हणाला. "हेरिटेज आहे. हर्षिताची मुळं आहेत तिथं."

"मुळं हायत, तर मग मुक्कामाला का न्हाई ऱ्हायलासा?"

राकेशनं पिशवीचं तोंड दुमडलं. ते बावीस किलोमीटरवर तालुक्याच्या हॉटेलात उतरले होते. रोज अकराला भाड्याच्या गाडीतून गावात यायचे आणि हर्षिताला संडासला जायचं झालं की गाडी परत बावीस किलोमीटर पळायची.

दुपारी बेसमेंटमध्ये दहा कुटुंबं जमली. गावाला जाऊन आलेल्यानं पुढल्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, फोटो दाखवायचे, हा इथला रिवाज. बारशाला घुगऱ्या वाटाव्यात तसा. राकेशनं ऑफिसातला प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर म्हशीचं शिंग आलं. मग उंबरा. मग चूल, चुलीचा धूर, धुरात मिटलेले गिरजाबाईचे डोळे.

"काय सिंप्लिसिटी आहे यार," सत्यजित म्हणाला. आदल्याच महिन्यात त्यानं स्वयंपाकघर पाडून नवं करून घेतलं होतं.

"आपण इथं येऊन मिळवलं काय, सांगा मला," देवयानीनं तिसरा गुलाबजाम ताटलीत घेतला. "काका, तुम्ही किती लकी आहात."

दोनशे चौदा फोटो, त्यात भानुदासचं घर कुठंच नव्हतं. कोंबडी पिठाच्या डब्यात शिरली की गिरजाबाई तिला आणि त्याला एकाच दमात शिव्या घालायची, ते नव्हतं. स्वतःच्या कपातला निम्मा चहा ती न बोलता त्याच्या बशीत ओतायची, ते नव्हतं. त्यासाठी त्याचा जीव इथं तीन महिने तुटत होता.

"आता हा बघा," राकेश म्हणाला. "ह्या एका शॉटसाठी मी चारला उठून गावात आलो."

धुकं होतं. कोवळं ऊन होतं. त्या उन्हात पाठमोरी गिरजाबाई बाभळींकडं निघाली होती, हातात तांब्या. खाली अक्षरं होती, 'आईचा मॉर्निंग वॉक'.

सगळ्यांनी श्वास सोडला.

"डॅड, दॅट्स नॉट अ वॉक," बारा वर्षांची हर्षिता म्हणाली. "आजी इज गोइंग टू पूप."

सत्यजितनं आपल्या वाटीतल्या आमटीकडं पाहिलं. राकेशनं घाईनं पुढचं बटण दाबलं. पुढचा फोटोही त्याच पहाटेचा होता, जरा जवळून.

"काय म्हंती गं पोर?" गिरजाबाईनं सुनेला विचारलं. प्रतिमा रिकाम्या ताटल्या उचलायला लागली.

"आजी, मी सांगितलं तू कुठे जाते."

गिरजाबाईनं भिंतीकडं नीट पाहिलं आणि पदर पुढं ओढला. चाळीस वर्षं आडोशाला उरकलेली गोष्ट दहा घरच्या लोकांपुढं भिंतीएवढी उभी होती.

"तू मागं हुबा व्हतास व्हय, राक्या?" ती हळू म्हणाली. "बाईमाणूस तांब्या घिऊन निगाली, तर वाटंचा भिकारी बी तोंड फिरवतो."

भानुदास उठला. कोपरीच्या खिशातून संमतीचा कागद काढून त्यानं टेबलावर, पुऱ्यांच्या ट्रेशेजारी ठेवला.

"कर."

पेन सत्यजितनं दिलं. राकेशनं सही केली. भानुदासनं कागद उजेडात धरून बघितला, फुंकर घालून शाई वाळवली आणि परत खिशात घातला. गिरजाबाई मांडीला हात देत उठली आणि जिना चढून वर गेली.

लोक जाकिटं शोधायला लागले. देवयानी डबे गोळा करत राकेशपाशी आली.

"तो सूर्योदयाचा मला मेल कर ना. फॅमिली रूममध्ये मोठा करून लावीन, लाइट फार सुरेख आलाय." तिनं आवाज खाली आणला. "फक्त तेवढा तांब्या काढता येतो का बघ."

"येतो की," राकेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."