हेडमास्तरीण

सकाळची घाई नेहमीचीच होती. बाईंनी तीन डबे भरले, लेकीची वेणी घातली आणि इस्त्री गरम होईतो नवऱ्याला विचारलं, "अहो, निळा शर्ट काढू का? आज कमिटीत बसायचंय तुम्हाला."

"काढ कुठलाही," सर म्हणाले. बाईंच्या नजरेला नजर न देता ते मोजे शोधत राहिले.

दोघं एकाच शाळेत होते. बाई इंग्रजी शिकवत, सर गणित. बाई तिथे आधीच्या. सरांना नोकरी लागली तीही बाईंनी शब्द टाकला म्हणून. जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून वेळापत्रक, परीक्षा, पालकांच्या तक्रारी, गळकी पाण्याची टाकी, सगळा गाडा बाईच ओढत होत्या. आज त्यांना त्या जागेवर कायम करायचं, एवढाच उपचार उरलाय असं सगळे शिक्षक धरून चालले होते. सर शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून बैठकीला बसणार होते.

बैठकीत अध्यक्षांनी चष्मा पुसत सुरुवात केली. "बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण संस्थेच्या नियमांत शब्द आहे 'हेडमास्टर'. इंग्रजी तुमचा विषय. तुम्हीच सांगा, मास्टर पुल्लिंगी की नाही?"

"पुल्लिंगी आहे. पण त्याचं स्त्रीलिंगही आहे, हेडमिस्ट्रेस. ते नको असेल तर प्रिन्सिपल लिहा. टीचर, प्रिन्सिपल हे शब्द बाईला आणि पुरुषाला सारखेच चालतात."

"मिस्ट्रेस?" एक सभासद खाकरले. "अहो, दारावर असली पाटी लावली तर लोक भलताच अर्थ काढतील!"

हशा पिकला. बाईंनी सरांकडे पाहिलं. तोंडावर हात धरून तेही हसत होते.

"थोडक्यात काय," अध्यक्ष म्हणाले, "व्याकरणाप्रमाणे बाई त्या खुर्चीत मावतच नाहीत."

हे वाक्य बाईंचंच होतं. रविवारी चादरींच्या घड्या घालताना त्या स्वतःच हसत म्हणाल्या होत्या, "बघा हो, व्याकरणाप्रमाणे मी त्या खुर्चीत मावतच नाही!" तेव्हा घरात दोघंच होते. चादरीची दुसरी टोकं सरांच्या हातात होती.

हेडमास्तर म्हणून बाईंच्या ऐवजी सरांची नेमणूक एकमताने मंजूर झाली.

घरी लेक अभ्यासाला बसली होती. आल्या आल्या, पर्सही खाली न ठेवता बाईंनी सरांना विचारलं, "त्यांना कधी सांगितलंत?"

"अगं, त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का म्हणून. मी आपलं सहज..."

"सहज?"

"हे बघ, तू काय नि मी काय. खुर्ची घरातच राहिली ना? आणि काम काय, तू आहेसच पाठीशी."

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली. खुर्ची गेल्याचं दुःख त्यांना पचवता आलं असतं. पण ज्या माणसापाशी त्या इतकी वर्षं मन मोकळं करत आल्या, त्याच्यासमोर आता प्रत्येक वाक्य तोलून बोलावं लागणार, हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी फाटकातच शिपाई आनंदाने म्हणाला, "अभिनंदन! आता तुम्ही हेडमास्तरीणबाई झालात!" बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मास्तराची बायको ती मास्तरीण, एवढंच त्याला ठाऊक. बाईंना मात्र पायरीवर क्षणभर थांबावं लागलं.

प्रार्थनेनंतर अध्यक्षांनी त्यांच्या हाती पुष्पगुच्छ दिला. "घरच्याच माणसाचं स्वागत बाईंनी करावं!"

बाई माइकपाशी गेल्या.

"मुलांनो, तुम्हाला नवे हेडमास्तर मिळालेत. ही जागा मला मिळाली नाही. कारण असं दिलं गेलं, की इंग्रजीतला तो शब्द पुल्लिंगी आहे. मी तुम्हाला इंग्रजी शिकवते, म्हणून तुमच्यापुढे हे खोटं राहू देणार नाही. भाषेत माझ्यासाठी शब्द होता. तो वापरायचा नाही, हे माणसांनी ठरवलं. म्हणून हे स्वागत माझ्या हातून होणार नाही."

पुष्पगुच्छ टेबलावर ठेवून त्या आपल्या वर्गाकडे चालू लागल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि दहावीच्या रांगेत बाईंची लेक ओठ घट्ट मिटून उभी होती.

संध्याकाळी सर कागदांचा गठ्ठा घेऊन बाईंसमोर आले. "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस. जाऊ दे, झालं गेलं. हे वेळापत्रक तेवढं लावून दे. मला त्यातलं काही कळत नाही."

"ते हेडमास्तरांचं काम आहे," बाई म्हणाल्या आणि तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

सर लेकीकडे वळले. "समजाव गं तुझ्या आईला. अशानं घर मोडेल."

लेकीने पुस्तक मिटलं. ती भांडली नाही, रडलीही नाही.

"बाबा," तिने विचारलं, "मी घरात तुम्हाला जे सांगते, ते तुम्ही कुणाकुणाला सांगता?"